विशेष शिक्षकांचं प्रशिक्षण: मोबाइलवर काय, समोरासमोर काय

भोर-वेल्ह्याकडच्या शिक्षिकेला दर शनिवारी कोथरूडला बोलावलं तर तिची सुट्टी एसटीतच संपते. म्हणून प्रशिक्षण दोन्हीकडे वाटून घ्या. मी विशेष शिक्षकांना, म्हणजे दिव्यांग मुलांना शिकवणाऱ्यांना, शिकवते. माझं मत ठाम आहे: ऐकून कळतं ते मोबाइलवर, हातानं शिकायचं ते समोर.

२०१६चा दिव्यांग हक्क कायदा, त्यातले अपंगत्वाचे २१ प्रकार, वैयक्तिक शैक्षणिक योजनेचा (एकेका मुलाला काय आणि कसं शिकवायचं याचा) आराखडा, हे सगळं आठ-दहा मिनिटांच्या मराठी व्हिडिओंत बसतं. डाउनलोड करता येतील असेच ठेवा. डोंगरात रेंज नसते. गटात अंध शिक्षक असतील तर ‘हे असं धरा’ म्हणू नका, काय कसं धरलंय ते शब्दांत सांगा. व्हिडिओनंतर एकच प्रश्न विचारा, तोही त्यांच्या वर्गातला. ‘स्वमग्नतेची (ऑटिझमची) लक्षणं लिहा’ यापेक्षा ‘तुमच्या वर्गातलं अमुक मूल मधल्या सुट्टीत काय करतं?’ या प्रश्नाला खरं उत्तर येतं.

भेटीच्या दिवशी भाषण अजिबात नको. शर्टाचं बटण लावायला शिकवणं घ्या. कामाचे बारीक टप्पे पाडा आणि शेवटचा टप्पा आधी मुलाला करू द्या: काजातून अर्धं आलेलं बटण त्यानं ओढायचं. जमलं की त्याच्या आधीचा टप्पा. मदत कमी कशी करायची, तेही इथेच शिकतात. आधी हातावर हात, मग कोपराला नुसता स्पर्श, मग खूण, मग फक्त शब्द. शिक्षिकांनी जाड हातमोजे घालून एकमेकींवर हे करून पाहावं. मूल कुठे अडतं, ते तेव्हा बोटांना कळतं.

खरं शिक्षण मात्र दोन भेटींच्या मधे होतं. प्रत्येकीनं आपल्या वर्गात प्रयोग करून दोन मिनिटांचं चित्रीकरण पाठवावं. पालकांची लेखी संमती आधी घ्या, कॅमेरा शिक्षिकेच्या हातांवर ठेवा, आणि क्लिप ग्रुपवर कधीही टाकू नका. फक्त मार्गदर्शकाला पाठवा. त्यानं त्याच आठवड्यात फोन करावा. मी क्लिपमध्ये पहिल्यांदा थांबणं बघते. सूचना दिल्यावर शिक्षिका पाच सेकंद गप्प राहते का? बहुतेकजणी दुसऱ्याच सेकंदाला तेच वाक्य पुन्हा म्हणतात आणि मुलाचं चाललेलं उत्तर तुटतं. मनात पाच आकडे मोजायला सांगा, पुढच्या क्लिपमध्ये तेवढंच तपासा.

विशेष शिक्षकांची अधिकृत नोंदणी भारतीय पुनर्वास परिषद करते; त्या नोंदणीसाठी असं प्रशिक्षण पुरत नाही, मान्यताप्राप्त अभ्यासक्रमच लागतो, हे शिक्षकांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा.