वयाचं गणित: आधी क्ष लावा
गुणोत्तराच्या गणितात मुलं हमखास एक चूक करतात, दोघांची वयं ३:५ दिली आणि ६ वर्षांनी २:३ होतात म्हटलं की थेट ३ मध्येच ६ मिळवतात. तसं करू नका, ३ आणि ५ ही वयं नाहीतच, नुसते भाग आहेत ते!! म्हणून पहिली ओळ कायम वयं ३क्ष आणि ५क्ष मानू अशी लिहायची, मग (३क्ष+६)/(५क्ष+६) = २/३, तिरकस गुणाकार केला की ९क्ष+१८ = १०क्ष+१२, म्हणजे क्ष = ६. इथेच थांबू नका हं, विचारलंय वय, क्ष नाही. वयं १८ आणि ३०. आता ताळा, २४:३६ म्हणजे २:३, जमलं. पुढे बारावीत डेरिव्हेटिव्ह (म्हणजे बदलाचा दर) काढतानाही एका ओळीत एकच स्टेप लिहा, चूक कुठंय ते लगेच सापडतं.