ॲमेझॉनच्या जंगलात स्वयंसेवक म्हणून जायचंय? तिकिटाआधी पिवळं कार्ड

पेरूच्या माद्रे दे दिओस या ॲमेझॉनच्या जंगलातल्या भागात कोरडा मोसम साधारण मे ते ऑक्टोबर. मुंबईच्या कॉलेजांना सुट्टी लागते तेव्हा तिकडचा पाऊस ओसरत असतो, म्हणून मेच्या सुरुवातीला निघालं तर चांगलं. अमेरिकेमार्गे विमान स्वस्त दिसलं तरी नुसतं विमान बदलायलाही तिथला व्हिसा लागतो, हे आधीच धरून चाला.

पहिलं काम यलो फीवरच्या (डासांमुळे होणाऱ्या पीतज्वराच्या) लसीचं. ती घेतल्याचा दाखला म्हणजेच पिवळं कार्ड. ती मान्यताप्राप्त केंद्रातच घ्यायची, उदाहरणार्थ सहारचं विमानतळ आरोग्य कार्यालय किंवा जे. जे. रुग्णालय. फॅमिली डॉक्टरकडची लस कार्डासाठी चालत नाही. अपॉइंटमेंट लवकर घ्या. मूळ पासपोर्ट सोबत न्या. कार्डावर त्याचा नंबर चढतो, त्यामुळे पासपोर्टचं नूतनीकरण बाकी असेल तर ते आधी उरका. लस घेतल्यावर १० दिवसांनी कार्ड लागू होतं, आणि २०१६पासून ते आयुष्यभर ग्राह्य धरलं जातं. खरी पंचाईत परतताना होते: पेरू सोडल्यापासून ६ दिवसांच्या आत आलात आणि कार्ड नसलं, तर इथल्या विमानतळावरूनच ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. अंड्याची तीव्र ॲलर्जी किंवा गरोदरपण असेल, वय साठीपुढे असेल, तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय ही लस नको. ही जिवंत लस आहे, म्हणजे तिच्यात कमजोर केलेला जिवंत विषाणू असतो. एमएमआरही (गोवर, गालगुंड, रुबेलाची लस) घ्यायची असेल तर दोन्ही एकाच दिवशी, नाहीतर चार आठवड्यांच्या अंतराने.

टायफॉइड आणि हिपॅटायटिस ए यांचंही त्याच खेपेत विचारा. प्राण्यांसोबत काम असेल तर रेबीजचे डोसही आधी घ्या. तरी चावा बसल्यावर पुन्हा इंजेक्शनं लागतातच. मलेरियासाठी डॉक्टरांनी डॉक्सीसायक्लिन दिली, तर ती भरपूर पाण्यासोबत घ्या आणि अर्धा तास आडवं होऊ नका, नाहीतर अन्ननलिका भाजते. परत आल्यावरही ती चार आठवडे चालू ठेवावी लागते.

कपड्यांत जीन्स नकोच. मुंबईच्या जुलैत पंख्याखाली कपडे कसेबसे तरी वाळतात, तिथे पंखाच नसतो. पातळ, पूर्ण बाह्यांचे सिंथेटिक शर्ट घ्या. गमबूट गुडघ्याखालपर्यंत येणारे हवेत, कारण साप बहुतेकदा पायालाच चावतात. मोठं माप तिकडे सहज मिळत नाही, इथूनच न्या. लांब मोज्यांचे सहा जोड लागतील. त्यातला एक फक्त झोपायला, कोरड्या पिशवीत, कामाला कधीच नाही. पायाच्या बोटांच्या बेचक्यांत बुरशी ओल्या मोज्यांतच सुरू होते, आणि मग चालणंच बंद पडतं. क्लोट्रिमॅझोल पावडर सोबत ठेवा.

साधी मच्छरदाणी पुरत नाही: लीशमॅनियासिस (त्वचेवर व्रण उठवणारा रोग) पसरवणारी वाळूमाशी तिच्या जाळीतून आत शिरते. बारीक जाळीची, परमेथ्रिन हे कीटकनाशक लावलेली घ्या. डीट (अंगाला लावायचं डास पळवणारं औषध) मात्र सनस्क्रीननंतर लावा, आणि चष्म्यापासून दूर, प्लॅस्टिक विरघळतं.

एक स्वेटरही टाका. हसू नका: मे ते ऑगस्टमध्ये दक्षिणेकडून ‘फ्रियाहे’ नावाची थंडीची लाट येते, आणि पारा दहा-पंधरा अंशांवर उतरतो.

संस्था निवडताना वन्यप्राणी हातात देऊन फोटो काढू देणारी सरळ वगळा. फी कुठे खर्च होते ते लेखी मागा. डॉलरच्या नोटा कोऱ्या न्या. जरा फाटलेली किंवा पेनाने लिहिलेली नोट तिकडे घेत नाहीत.