दुधीची कळी गळतेय? संध्याकाळी गच्चीवर जा

संक्रांतीनंतर लावलेली दुधीची वेल होळीच्या सुमारास मांडवावर चढते आणि फुलू लागते. पहिले काही दिवस नुसती नरफुलं येतात, लांब बारीक देठाची. ती गळाली तर गळू द्या, वेल ठणठणीत आहे. मादीफूल ओळखायला सोपं: पाकळ्यांच्या खाली बोटाच्या पेराएवढा लवदार, हिरवा दुधी असतोच. तो पिवळा पडून गळू लागला की बहुतेक जण खत वाढवतात. मीही शेणखत ओतत बसले होते. बऱ्याचदा अडतं परागीकरणापाशी.

दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, तेव्हा शहरातल्या गच्चीवर मधमाशी कुठली! म्हणून दिवेलागणीला ताजं नरफूल तोडा, पाकळ्या काढून टाका आणि मधला परागाचा दांडा मादीफुलाच्या मधोमध हलकेच फिरवा. पिवळी पूड चिकटलेली दिसली पाहिजे. चार-पाच दिवसांत देठ खाली वळून फळ फुगू लागलं, की जमलं.

दोडक्यालाही संध्याकाळच. लाल भोपळ्याला मात्र भल्या सकाळी, चहाच्या आधी. उन्हं चढली की फूल मिटतं.