औषध गाठीत पोहोचते का?

सांगलीत गणितात एम.एस्सी. करताना मी कर्करोगाच्या गाठीवर दोन औषधे एकत्र देण्याचे गणिती प्रारूप हा प्रकल्प निवडला, तेव्हा डिफरन्शियल इक्वेशन्सच्या एका पेपरपलीकडे माझी तयारी नव्हती. गाठीच्या वाढीसाठी गॉम्पर्ट्झचे समीकरण घेतले (१८२५ मध्ये ते मांडले गेले माणसांच्या मृत्युदरासाठी), त्यातून दोन औषधांची दोन पदे वजा केली आणि आलेख काढले.

औषधांच्या जोडीबद्दल नवख्याने आधी ब्लिस यांचा १९३९ चा निकष समजून घ्यावा. एक औषध ५० टक्के पेशी मारते, दुसरे ६० टक्के, आणि दोन्ही स्वतंत्रपणे काम करतात, तर मिळून ११० नव्हे, ८० टक्के पेशी मरतात. त्याहून जास्त मेल्या तरच औषधे परस्परांना पूरक ठरली असे म्हणता येते.

माझे सुबक आलेख पाहून सरांनी एवढेच विचारले, "औषध सगळ्या पेशींपर्यंत सारखंच पोहोचतं, हे तुला कोणी सांगितलं?"

आमची द्राक्षबाग तासगाव तालुक्यात असल्याने, ठिबकचा दाब पडला की ओळीतल्या शेवटच्या वेली कोरड्या राहतात, हे मी लहानपणापासून पाहिले होते. तरीही हा प्रश्न मला सुचला नव्हता. गाठीत तर नळीबाहेरचाच दाब वाढलेला असतो. बॅक्स्टर आणि राकेश जैन यांनी १९८९ मध्ये गणिताने दाखवले की गाठीच्या आत पेशींभोवतीच्या द्रवाचा दाब रक्तवाहिन्यांतील दाबाच्या जवळ जातो, त्यामुळे औषध वाहिनीतून बाहेर ढकलणारा दाबाचा फरकच उरत नाही आणि ते केवळ विसरणाने (जास्त प्रमाणाकडून कमी प्रमाणाकडे आपोआप पसरत) सरकते, ज्यात अंतर दुप्पट झाले की वेळ चौपट लागतो. रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारे औषध बेताने दिल्यास उरलेल्या वाहिन्या काही काळ सुरळीत होतात आणि त्या अवधीत केमोथेरपी अधिक पोहोचू शकते, ही जैन यांची २००१ ची मांडणी वाचल्यावर, दोन औषधांचा क्रम आणि त्यांतील अंतर हेच माझ्या प्रारूपाचे मुख्य चल झाले.

सुरुवात गोलाकार गाठ आणि केंद्रापासूनचे एकच अंतर धरून करावी. पायथॉन या संगणकीय भाषेत एवढे सहज सुटते. एकके मात्र पहिल्याच दिवशी वहीत लिहावीत. औषध शरीरातून निघून जाण्याचा वेग एका शोधनिबंधात तासाला, तर दुसऱ्यात दिवसाला असा दिला होता, आणि मी दोन्ही आकडे तसेच वापरल्याने माझे औषध दोन महिने २४ पट वेगाने शरीरातून निघून जात होते.

शेवटी संगणकाने दर सहा तासांनी औषध देण्याचे वेळापत्रक 'सर्वोत्तम' ठरवले. मिरजेच्या एका कर्करोगतज्ज्ञांनी ते पाहून, जतहून येणाऱ्या रुग्णाला दिवसातून चार वेळा कोण आणणार, असे विचारले. पुढच्या प्रारूपात दोन मात्रांमधील किमान अंतर ही अट मी सर्वात आधी लिहिली.