रस्त्याकडेला उभ्या पोलिसगाडीजवळून वाहन कसे न्यावे

पाचोडच्या बाजारातून मोसंबीचे क्रेट पिकअपमध्ये भरून धुळे-सोलापूर महामार्गाने बीडकडे आणि पुढे सोलापूरकडे नेण्याचे काम मी गेली १९ वर्षे करीत आहे. या काळात अपघातस्थळी थांबलेली, बंद पडलेल्या ट्रकमागे आडोसा देऊन उभी केलेली, नाकाबंदीची, वेग मोजणारी अशा सर्व प्रकारच्या पोलिसगाड्यांजवळून मी असंख्य वेळा गेलो आहे. त्यामुळे या विषयावर मोबाइलवर फिरणारे सल्ले वाचले की मला स्वस्थ बसवत नाही. ‘चारही इंडिकेटर लावा’, ‘हॉर्न दाबून ठेवा’, ‘पटकन निघून जा’ असे सांगणाऱ्यांनी रात्रीच्या वेळी भरलेली गाडी कधी चालवलेली नसावी.

प्रथम कायद्याविषयी. कडेला उभ्या पोलिसगाडीसाठी एक पूर्ण लेन सोडली नाही तर दहा हजार रुपये दंड होतो, असे अनेकजण ठामपणे सांगतात. ते दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करीत असतात. लेन सोडण्याचे किंवा वेग कमी करण्याचे बंधन घालणारे स्वतंत्र कायदे अमेरिकेतील सर्व ५० राज्यांत आहेत. आपल्याकडील दहा हजारांचा दंड मोटार वाहन कायद्याच्या १९४ ई या कलमातील आहे. ते २०१९ च्या दुरुस्तीने आले आणि मागून येणाऱ्या अग्निशामक वाहनाला, रुग्णवाहिकेला किंवा राज्य शासनाने ठरवलेल्या इतर आपत्कालीन वाहनाला वाट न देणाऱ्यासाठी आहे. उभ्या पोलिसगाडीसाठी या कायद्यात वेगळे कलम नाही. मात्र म्हणून वाहनचालकाला मोकळीक आहे, असे कोणी समजू नये. धोकादायक वाहन चालवण्याचे १८४ वे कलम येथे लागू होऊ शकते आणि त्यात पहिल्या गुन्ह्यालाही सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. नियमबाह्य ओव्हरटेक करणे आणि सावध चालकाकडून अपेक्षित असलेल्या काळजीपेक्षा फारच कमी काळजी घेऊन गाडी चालवणे, या दोन्ही गोष्टी त्याच कलमात स्पष्टपणे नमूद आहेत. निष्काळजीपणामुळे एखाद्याचा मृत्यू झाला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

लाल-निळे दिवे दिसताच पाय ॲक्सिलरेटरवरून काढावा आणि गाणी बंद करावीत. रात्र असेल आणि गाडी अप्परवर असेल, तर ताबडतोब डिप्परवर आणावी, कारण रस्त्यावर उभ्या असलेल्या शिपायाच्या डोळ्यांत तुमचा प्रकाश गेला की तुमची गाडी किती अंतरावर आहे हे त्याला कळत नाही.

यानंतर येते बाजू बदलण्याची वेळ, आणि माझ्या अनुभवात सर्वात जास्त चुका येथेच होतात. माझीही येथेच झाली होती. महामार्ग चार पदरी झाल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात, शहागडचा गोदावरी पूल ओलांडून गेवराईकडे जाताना, पहाटे तीनच्या सुमारास डाव्या लेनमध्ये उलटलेली उसाची ट्रॉली आणि तिच्यामागे उभी असलेली पोलिसगाडी मला दिसली. दिवे मला बऱ्याच अंतरावरून दिसत होते, तरी मी त्या दिव्यांकडेच पाहत राहिलो आणि अगदी जवळ आल्यावर घाईने उजवीकडे वळलो. माझ्या उजव्या बाजूला एक ट्रॅव्हल्स बस आधीच आलेली होती. तिच्या चालकाने दुभाजकाकडे गाडी दाबली म्हणून मी वाचलो. माझा उजवा आरसा तुटला, क्रेटचा भार एका बाजूला सरकला आणि गाडी काही क्षण दोन चाकांवर असल्यासारखी झुलली. त्या रात्री समोरचे दोन शिपाई माझ्यापासून चार-पाच फुटांवर होते. ते चित्र आजही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

त्यानंतर मी एक क्रम ठरवला आणि तो कधीही मोडला नाही: आधी वेग, मग आरसा, मग इंडिकेटर, मग मान वळवून एक नजर आणि त्यानंतरच स्टिअरिंग. बहुतेकजण आधी स्टिअरिंग फिरवतात आणि नंतर आरशात पाहतात. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे २२ मीटर पुढे जाते. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तरी ३३ मीटर रस्ता संपलेला असतो आणि गाडी थांबायला लागणारे अंतर त्यापुढे सुरू होते. वेग निम्मा केला की ब्रेक लागल्यानंतरचे हे अंतर साधारण एक चतुर्थांश होते, म्हणून आधी वेग कमी करण्याचा आग्रह मी धरतो. हा वेग टप्प्याटप्प्याने कमी करावा. एकदम ब्रेक दाबला तर मागच्या ट्रकचा चालक तुमच्यावर येऊन आदळेल. समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे आणि त्या वेगाने गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते, तेव्हा तेथे ही तयारी आणखी बरीच आधी सुरू केली पाहिजे.

मान वळवून पाहण्यास मी मुद्दाम महत्त्व देतो. उजव्या खांद्यामागचा काही भाग आरशात दिसतच नाही आणि नेमकी तेथेच एखादी दुचाकी असते. पिकअपमध्ये मागे माल भरला की आतल्या आरशाचा उपयोग उरत नाही, त्यामुळे बाहेरच्या आरशांवर आणि स्वतःच्या मानेवरच भिस्त ठेवावी लागते. चारही इंडिकेटर लावून चालण्याचा सल्ला मला याच कारणाने घातक वाटतो: चारही दिवे लुकलुकत असताना तुम्ही उजवीकडे येणार आहात हे मागच्याला कोण सांगणार?

उजवी लेन मोकळी नसेल, तर ती बदलू नये. लेन बदलणे हीच सुरक्षितता, असा चुकीचा समज फार पसरलेला आहे. मागून वेगाने बस येत असेल, तर आपल्या लेनमध्येच वेग ताशी २०-३० पर्यंत आणावा, गरज पडल्यास पोलिसगाडीच्या बऱ्याच मागे थांबावे आणि बस गेल्यावर उजवा इंडिकेटर देऊन बाहेर पडावे. दुपदरी रस्त्यावर तर समोरून येणाऱ्याचा हक्क आधी आहे आणि मधली रेषा अखंड असेल, तर ती ओलांडण्याची घाई मुळीच करू नये. काहीजण डावीकडच्या साइडपट्टीवरून गाडी काढतात. जखमींना बाजूला नेलेले असते ते तिकडेच, आणि गावातील माणसे धावून येऊन उभी राहतात तीही तिकडेच.

गाडीजवळून जाताना किमान एका उघड्या दाराइतके, शक्य असेल तर त्याहून अधिक अंतर सोडावे. आपल्याकडे चालकाचे दार उजवीकडे असते, म्हणजे डाव्या कडेला उभ्या पोलिसगाडीचे दार रहदारीच्याच बाजूला उघडते. उतरणाऱ्याचे लक्ष अपघाताकडे असते, तुमच्याकडे नसते. नजर दिव्यांवर न ठेवता आपल्याला ज्या मोकळ्या जागेतून जायचे आहे तिकडे ठेवावी, कारण डोळे जिकडे जातात तिकडेच हात स्टिअरिंग नेतात. ऊसतोडीच्या हंगामात रस्त्यावर पडलेली उसाची मोळी आणि अपघातानंतर सांडलेले डिझेल, या दोन्हींवरून चाक घसरते, तेव्हा तेथे ब्रेक दाबू नये.

गणवेशातील पोलिसाने थांबण्याचा इशारा केला, तर थांबलेच पाहिजे आणि कायदेशीर आदेश न मानल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १७९ खाली २,००० रुपयांपर्यंत दंड होतो. त्याच्या अगदी पायाशी गाडी न थांबवता त्याने दाखवलेल्या जागी थांबावे. डिजीलॉकरमधील परवाना आणि आरसी चालते.

पुढे गेल्यावर लगेच डावीकडे येऊ नये. पोलिसगाडीच्या पुढे बहुधा क्रेन, रुग्णवाहिका किंवा अपघातग्रस्त वाहनही उभे असते आणि त्यांच्यावर दिवे असतीलच असे नाही. सर्वात पुढचे वाहन डाव्या आरशात पूर्ण दिसले, त्याच्यापुढचा रस्ता रिकामा असल्याची खात्री झाली, की डावा इंडिकेटर देऊन लेनमध्ये यावे आणि मगच वेग वाढवावा.