सामायिक संगणनाचा वार्षिक हिशेब आणि पुढील वर्षाचा आराखडा कसा लिहावा

अनेक विद्यापीठांनी मिळून चालवलेल्या क्लस्टरचा, म्हणजे एकत्र जोडलेल्या संगणकांच्या यंत्रणेचा, वार्षिक हिशेब लिहायला घेतला की ‘यंत्रणा वर्षभर 90 टक्के वापरात होती’ हे वाक्य सर्वांत वर टाकण्याचा मोह होतो. तो टाळावा. 32 कोअर (प्रोसेसरमधील गणना करणारे स्वतंत्र भाग) राखून ठेवणारा आणि प्रत्यक्षात एकाच कोअरवर चालणारा जॉबसुद्धा (संशोधकाने चालवायला दिलेले काम) शेड्यूलरच्या, म्हणजे जॉब रांगेत लावून यंत्रांना वाटून देणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, नोंदीत 32 कोअर व्यापलेलेच दाखवतो. खर्च वाटून घेणाऱ्या सदस्यांना जाणून घ्यायचे असते ते वेगळेच: आपल्या संशोधकांना किती थांबावे लागले आणि किती क्षमता वाया गेली.

प्रथम उपलब्ध क्षमता मांडावी. प्रत्येकी 64 कोअरचे 100 नोड (क्लस्टरमधील संगणक) असतील, तर 8,760 तासांच्या वर्षात 5,60,64,000 कोअर-तास (एक कोअर एक तास) होतात. देखभालीसाठी ठरवून बंद ठेवलेला काळ आणि अचानक बिघाडाने गेलेला काळ त्यातून वेगवेगळा वजा करून दाखवावा, कारण पहिला नियोजनाचा भाग असतो आणि दुसऱ्याचे कारण सांगावे लागते.

स्लर्मसारख्या शेड्यूलरमध्ये नोंदींचा डेटाबेस चालू असेल, तर जॉब कधी दाखल झाला, कधी सुरू झाला, किती मेमरी मागितली आणि किती वापरली, हे सारे ‘सॅक्ट’ (sacct) या आज्ञेने मिळते. या नोंदी दर महिन्याला काढून ठेवाव्यात. जुन्या नोंदी ठरावीक मुदतीनंतर आपोआप पुसण्याची व्यवस्था असेल, तर वर्षअखेरीस हाती निम्मेच वर्ष उरते. जीपीयूंच्या (समांतर गणना करणाऱ्या ग्राफिक्स प्रोसेसरांच्या) बाबतीत अधिक सावध राहावे, कारण जीपीयू जॉबला दिला गेला म्हणजे तो कामाला लागला असे होत नाही आणि त्याचा प्रत्यक्ष वापर स्वतंत्रपणे मोजावा लागतो.

रांगेतील प्रतीक्षा केवळ सरासरीने सांगू नये. दहापैकी नऊ जॉब 10 मिनिटांत सुरू झाले आणि एक पाच दिवस अडकला, तर सरासरी सुमारे 12 तास येते. मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) मात्र 10 मिनिटेच राहतो. दोन्ही आकडे बरोबर आहेत आणि दोन्ही एकेकटे दिशाभूल करतात. म्हणून लहान, मोठे, जास्त मेमरीचे आणि जीपीयूचे असे जॉबचे गट पाडून प्रत्येक गटाचा मध्यक व सर्वांत वाईट दहा टक्क्यांची प्रतीक्षा द्यावी.

वाटपाचा हिशेब कोअरवरच बेतला असेल, तर तो तपासून पाहावा. 64 कोअर आणि 256 जीबी मेमरीच्या नोडवर एखाद्याने एक कोअर व 200 जीबी मागितले, तर कोअरच्या हिशेबाने त्याच्या नावे तासाला एकच कोअर-तास पडतो, पण उरलेल्या 63 कोअरना 56 जीबीत भागवावे लागते. कोअर आणि मेमरी यांपैकी ज्याचा वाटा मोठा, त्यावर आकारणी केली तर हाच जॉब 50 कोअर-तासांचा ठरतो. हा बदल काही गटांना रुचणार नाही. तरीही तो पुढील वर्षाच्या आराखड्यात उदाहरणासह मांडावा.

‘आमचा वाटा 20 टक्के, मग आम्ही रांगेत का?’ या तक्रारीचे उत्तरही लेखी द्यावे. स्लर्मच्या न्याय्य वाटपात (fair-share), म्हणजे वाटा आणि आधीचा वापर पाहून रांगेतील अग्रक्रम ठरवण्याच्या पद्धतीत, जुना वापर हळूहळू विसरला जातो. त्याचे अर्धायुष्य (नोंदलेल्या वापराचे वजन निम्मे होण्याचा काळ) मूळ मांडणीत 7 दिवसांचे असते, म्हणजे चार आठवड्यांपूर्वीचा वापर सोळाव्या हिश्शाइतकाच मोजला जातो. सहा महिने न वापरलेला वाटा साठून राहत नाही. संशोधनाची लय महिन्यांची असेल, तर अर्धायुष्य वाढवावे की नाही, हे समितीने ठरवावे.

नवी खरेदी यानंतर यावी. प्रतीक्षा मेमरीच्या रांगेत असताना जीपीयू घेऊन ती घटत नाही. प्रत्येक प्रस्तावासोबत वीज, शीतकरण, हमीची मुदत आणि निवृत्त होणारे नोड यांची नोंद असावी. सेंटओएस 7 या लिनक्स कार्यप्रणालीचा आधार (सुरक्षा सुधारणा मिळणे) 30 जून 2024 रोजी संपला. अजून त्यावर चालणारे नोड असतील, तर स्थलांतराला आराखड्यात पहिले स्थान द्यावे. नवी प्रणाली स्वतंत्र रांगेत काही आठवडे जुनीसोबत चालवावी, जेणेकरून संशोधकांना आपले प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल करून निकाल ताडून पाहता येतील, आणि जुनी रांग बंद करण्याची तारीख प्रबंध सादर करण्याच्या महिन्यात ठेवू नये.