अक्षरजुळणीचे काम मुक्त सॉफ्टवेअरवर आणताना

पुस्तके, दिवाळी अंक आणि निमंत्रणपत्रिका जुळवणाऱ्या लहान कार्यालयांत फोटोशॉप, इनडिझाइन किंवा कोरलड्रॉ ही विकतची सॉफ्टवेअर विनापरवाना वापरणे अंगवळणी पडले आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ६३ब प्रमाणे अशी प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास किमान सात दिवसांचा कारावास आणि किमान पन्नास हजार रुपये दंड होऊ शकतो. मुक्त, म्हणजे कोणालाही विनामूल्य घेता आणि वापरता येणारे, पर्याय उपलब्ध असताना ही जोखीम घेण्याचे कारण नाही; मात्र बदलाचा क्रम सांभाळावा लागतो. आधी मजकूर, मग सॉफ्टवेअर आणि सर्वांत शेवटी ऑपरेटिंग सिस्टिम, हा तो क्रम.

मजकुराला पहिला मान देण्याचे कारण जुने फॉन्ट आहेत. कृतीदेवसारख्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. त्यामुळे फॉन्ट बदलताच सारा मजकूर निरर्थक रोमन अक्षरांत दिसू लागतो. म्हणून जुन्या फायली प्रथम युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतःचा ठरावीक संकेत देणाऱ्या पद्धतीत, रूपांतरित करून घ्याव्यात. रूपांतरानंतर प्रूफ वाचणे टाळू नये, आणि वाचताना पहिली वेलांटी व रफार यांवर विशेष नजर ठेवावी. जुन्या पद्धतीत ही चिन्हे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने टंकलेली असतात, तर युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने साठवली जातात. चुका नेमक्या तिथेच होतात. ‘ऱ्या’ आणि ‘ऱ्हा’ असलेले शब्दही तपासावेत. पुढील कामासाठी मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा ‘मुक्त’ किंवा गूगलचा ‘नोटो’ हे फॉन्ट मुक्त परवान्याखाली मिळतात आणि छापील कामातही वापरता येतात.

मजकूर टंकण्यासाठी लिबरऑफिस घ्यावे. ते बसवल्यावर ‘टूल्स’मधील ‘ऑप्शन्स’ उघडून भाषेच्या विभागात ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’समोर खूण करावी आणि तिथे मराठी निवडावी. हे राहून गेले तर देवनागरी मजकुराचा फॉन्ट आणि आकार ठरवण्याची स्वतंत्र जागा दिसत नाही. ग्राहकांकडून येणाऱ्या वर्डच्या फायली त्यात उघडतात. त्यांतील इंग्रजी मजकुराच्या ओळी हलू नयेत यासाठी कॅलिब्रीच्या मापाचा कार्लिटो आणि टाइम्स न्यू रोमनच्या मापाचा लिबरेशन सेरिफ उपयोगी पडतात. एक्सेलमधील गुंतागुंतीचे मॅक्रो (कामे आपोआप करणाऱ्या आज्ञावली) मात्र लिबरऑफिसच्या कॅल्क या तक्त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये जसेच्या तसे चालतीलच असे नाही.

पानांच्या मांडणीसाठी स्क्रायबस आहे. त्याच्या १.४ या जुन्या मालिकेत देवनागरी जोडाक्षरे नीट उमटत नसत, म्हणून १.६ किंवा त्यापुढचीच आवृत्ती घ्यावी. इनडिझाइनची मूळ फाईल स्क्रायबस उघडत नाही, पण इनडिझाइनमधूनच काढता येणारी आयडीएमएल या देवाणघेवाणीच्या स्वरूपातील फाईल ते वाचू शकते. तेव्हा परवाना संपण्यापूर्वीच चालू कामे त्या स्वरूपात साठवून ठेवावीत. पेजमेकर या जुन्या मांडणी-सॉफ्टवेअरच्या फायली लिबरऑफिस ड्रॉमध्ये उघडतात, तरी मांडणी पुन्हा लावावी लागेल असे गृहीत धरावे. बोधचिन्हे आणि रेखाटने इंकस्केपमध्ये उत्तम होतात.

छायाचित्रांसाठी गिंप पुरेसे आहे, पण ते चित्रे मुख्यतः आरजीबी (पडद्यावरच्या लाल, हिरव्या, निळ्या) रंगांत हाताळते आणि छापखान्याला सीएमवायके (छपाईच्या निळसर, किरमिजी, पिवळ्या, काळ्या शाईचे) रंग हवे असतात. यावर माझ्या मते सर्वांत सुरक्षित मार्ग असा, की चित्र आरजीबीमध्येच ठेवून स्क्रायबसच्या पानावर बसवावे, मुद्रकाकडून त्याच्या यंत्राचे रंग-प्रोफाइल (ते यंत्र रंग कसे उमटवते हे सांगणारी फाईल) मागून घ्यावे आणि रंगव्यवस्थापन चालू करून छपाईसाठी पीडीएफ काढावी. पहिल्या कामाचा रंगीत नमुना छापून पाहिल्याशिवाय पूर्ण आवृत्ती छपाईला सोडू नये.

यांतील प्रत्येक सॉफ्टवेअर विंडोजवरही चालते, त्यामुळे लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमची घाई नको. विंडोज १० ला मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. संगणक त्याहून नवी आवृत्ती पेलत नसेल, तर लिनक्स मिंट ही लिनक्सची आवृत्ती पेनड्राइव्हवरून, न बसवताच चालवून पाहावी आणि प्रिंटर, स्कॅनर व मराठी कळफलक तपासावेत. एखादा अंक नव्या व्यवस्थेत जुळवून प्रत्यक्ष छापून येईपर्यंत जुना संगणक आणि त्यातील मूळ फायली हलवू नयेत.